‘दोन मुली दत्तक द्यायच्या आहेत’ हा मेसेज पुढे पाठवू नका

‘अपघातात आईवडील गेले. मागे दोन मुली, एक तीन दिवसांची, एक सहा महिन्यांची. ब्राह्मण कुटुंबातल्या. दत्तक हव्या असतील तर खालील नंबरवर थेट फोन करा, कागदपत्रांची कटकट नाही. नाहीतर बिचाऱ्या अनाथाश्रमात जातील. सर्व ग्रुपवर पाठवा.’

2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत हाच मजकूर कोरोनाच्या नावाने देशभर फिरला होता. आता कोरोनाच्या जागी अपघात आलाय. परवा माझ्या मावसबहिणीचा फोन आला, “दादा, नंबर लागतच नाहीये, तू बघतोस का लावून?” तिचे उपचार किती वर्षं चाललेत ते घरात सगळ्यांना माहीत आहे. तिला हा मेसेज पाठवणाऱ्या काकूंनी तो एकदा नीट वाचलासुद्धा नसणार.

वाचला असता तर पहिल्या ओळीतच अडल्या असत्या. सहा महिन्यांची आणि तीन दिवसांची अशा दोन मुली एका आईला कशा होतील? आणि जात कशाला लिहिलीय? दत्तकासाठी ‘कारा’कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, नोंदणी करताना जात निवडता येतच नाही. ती ओळ फक्त गिऱ्हाईक ओढायला घातलेली आहे.

खरा घातक भाग आहे तो ‘थेट फोन करा, कागदपत्रांची कटकट नाही’ हा. 2015 चा बाल न्याय कायदा काढून बघा. निराधार मूल आढळलं तर 24 तासांच्या आत 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, पोलिसांना, बाल कल्याण समितीला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवणं बंधनकारक आहे, कलम 32. मग समिती चौकशी करते, नातेवाइकांचा शोध घेतला जातो, आणि कुणीच नसेल तरच ते मूल दत्तकासाठी मोकळं असल्याचं जाहीर होतं. ही प्रक्रिया टाळून मूल दिलं-घेतलं तर कलम 80 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. पैसे घेऊन दिलं तर ती मुलाची विक्री, कलम 81, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. यात घेणाराही आरोपी असतो. म्हणजे माझ्या बहिणीने भाबडेपणाने मूल घरी आणलं असतं, तर एक दिवस पोलीस दारात आले असते, लळा लागलेलं मूल गेलं असतं, आणि वर तिच्यावरच गुन्हा.

ग्रुपवर एका गृहस्थांनी लगेच सांगितलं, “हिंदू दत्तक कायद्याने बाँडपेपरवर होतं की.” नाही होत. 1956 च्या त्या कायद्यातही मूल देण्याचा अधिकार आईवडिलांना आहे. दोघंही हयात नसतील तर पालकाला आधी कोर्टाची परवानगी लागते. फोनवरच्या अनोळखी माणसाला तो अधिकार कुणी दिला?

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. रीतसर दत्तकाची वाट फार लांब आहे. तीस हजारांहून जास्त दांपत्यं रांगेत आहेत आणि 2024-25 मध्ये देशातली आणि परदेशातली मिळून 4,515 दत्तकविधानं झाली. वर्षानुवर्षं थांबलेल्या माणसाला असा मेसेज खरा वाटतो यात त्याचा दोष नाही. दोष आहे तो हे दुखणं ओळखून जाळं टाकणाऱ्याचा.

आता ‘नाहीतर अनाथाश्रमात जातील’. आईवडील गेलेल्या मुलाला बहुतेकदा आजी असते, मामा असतो, काकू असते. त्यांच्यात माया असते, पैसा नसतो. त्यासाठीच महाराष्ट्रात बाल संगोपन योजना आहे. तिची रक्कम 2023 मध्ये 1100 वरून महिना 2250 रुपये झाली. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये गरजू कुटुंबातल्या मुलासाठी महिना 4000 रुपयांची तरतूद आहे. मूल आपल्या माणसांत, आपल्या शाळेत राहावं हाच दोन्हींचा हेतू.

या योजना नीट चालतात असं मी अजिबात म्हणणार नाही. आमच्या गल्लीतल्या एक आजी लेक आणि जावई दोघंही गेल्यापासून नातवाला सांभाळतात. दोन मृत्यूचे दाखले, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं पासबुक, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या बसने जिल्ह्याच्या गावी जातात. दर वेळी एखादा कागद कमी निघतो. ज्यांना मंजुरी मिळते त्यांच्याही खात्यात पैसे महिनोन्महिने येत नाहीत. मेसेजमध्ये न दिसणाऱ्या अशा मुलांसाठी कुणी ग्रुपवर दोन ओळी लिहीत नाही.

तेव्हा काकू, तुमच्या ओळखीत खरंच असं मूल असेल तर नंबर फिरवत बसू नका, 1098 ला फोन करा. आणि दुपार मोकळी असेल तर या आजींचा उत्पन्नाचा दाखला अजून व्हायचा आहे, त्यांच्याबरोबर तहसील कार्यालयात जाऊन या.