जॉन जे यांनी नाकारलेली नोकरी आणि माझा ॲपल पाय

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टावर हल्ली जो तो बोलतो, आणि बोलताना "घटनाकारांनी केवढ्या दूरदृष्टीने ही संस्था उभी केली" हे वाक्य हमखास येतं. मला ते पटत नाही. कोर्टासाठी घटनेत मोजकी वाक्यं आहेत, बाकी सगळं काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, सोडून दिलेलं. न्यायाधीश किती असावेत, हेसुद्धा घटना सांगत नाही. सहा हा पहिला आकडा १७८९ च्या कायद्याने ठरवला.

रविवारी ॲपल पाय करताना याच काळाबद्दल वाचत होते. या पदार्थात हाताला काम कमी आणि थांबणं फार. अडीच कप मैदा, सव्वादोनशे ग्रॅम बटर, मीठ, थोडी साखर. बटर अगदी गार हवं आणि मैद्यात चोळताना त्याचे वाटाण्याएवढे तुकडे राहिले पाहिजेत. शंकरपाळ्यांचं कडकडीत मोहन घालण्याची सवय असलेल्या हाताला हे उलटं वाटतं, पण ते तुकडे ओव्हनमध्ये वितळतात म्हणूनच पापुद्रे सुटतात. वरून सहा-आठ चमचे बर्फाचं पाणी घालून पीठ नुसतं गोळा करायचं, मळायचं नाही. दोन चपटे गोळे करून तासभर फ्रिजमध्ये.

तर तो तास. १ फेब्रुवारी १७९० ला न्यूयॉर्कच्या रॉयल एक्स्चेंजमध्ये कोर्ट पहिल्यांदा बसायचं होतं. खाली उघडा बाजार, वर कोर्ट. पुरेसे न्यायाधीशच पोचले नाहीत, म्हणून बैठक दुसऱ्या दिवसावर गेली. दुसऱ्या दिवशी गणसंख्या झाली, पण सुनावणीला एकही खटला नव्हता. वॉशिंग्टननी नेमलेल्या रॉबर्ट हॅरिसन यांनी तर पद घेतलंच नाही, आणि त्यांच्या जागी जेम्स आयर्डेल आले. खरा जाच होता तो फिरतीचा. प्रत्येक न्यायाधीशाने वर्षातून दोनदा घोड्यावर नाहीतर बग्गीतून आपल्या भागात जाऊन तिथली कोर्टं चालवायची. आयर्डेल यांच्या वाट्याला दक्षिणेकडचे लांबलचक रस्ते आले, आणि ते सतत त्याबद्दल तक्रार करत राहिले. सरन्यायाधीशाला वर्षाला ४,००० डॉलर, बाकीच्यांना ३,५००.

पहिला मोठा निकाल १७९३ चा, चिशोम विरुद्ध जॉर्जिया. दुसऱ्या राज्यातला नागरिक जॉर्जियाला कोर्टात खेचू शकतो, असं चार विरुद्ध एक मतांनी ठरलं. राज्यं इतकी भडकली की १७९५ पर्यंत घटनेत अकरावी दुरुस्ती मंजूर होऊन तो निकाल निकामीच झाला. त्याच वर्षी पहिले सरन्यायाधीश जॉन जे राजीनामा देऊन न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले, म्हणजे त्यांच्या हिशेबी ही बढतीच! त्यांच्या जागी आलेल्या रटलेज यांना सिनेटने नाकारलं. पुढचे एल्सवर्थ सरन्यायाधीश असतानाच फ्रान्सला वाटाघाटींसाठी गेले. १८०० च्या शेवटी अध्यक्ष ॲडम्सनी जे यांना पुन्हा तेच पद देऊ केलं, तेव्हा या व्यवस्थेत ना बळ आहे ना प्रतिष्ठा, अशा अर्थाचं पत्र लिहून ते मोकळे झाले.

मग ती जागा ॲडम्स यांचे परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल यांना मिळाली.

इथे सफरचंदं चिरायला घेतली. सहा-सात लागतात. मी ग्रॅनी स्मिथ घेते आणि सोबत दोन गोड जातीची. न्यूटाउन पिपिन मिळालं तर उत्तमच. हे सफरचंद मूळचं न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं. पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून राहणाऱ्या जेफरसनना त्याची इतकी आठवण यायची की इथे त्याच्या तोडीचं सफरचंद नाही, असं त्यांनी पत्रात लिहून ठेवलंय. फोडींना साखर, दालचिनी, जायफळ, लिंबू आणि दोन-तीन चमचे कॉर्नफ्लोअर. ओव्हन आधी ४२५ फॅरनहाइटला वीस मिनिटं, मग ३७५ ला साधारण चाळीस.

हेच जेफरसन १८०१ मध्ये अध्यक्ष झाले. मार्शल हे त्यांचे नात्यातलेच, पण दोघांचं जन्मात पटलं नाही. जेफरसनच्या बाजूच्या काँग्रेसने कोर्टाची सत्रंच अशी हलवली की डिसेंबर १८०१ नंतर ते थेट फेब्रुवारी १८०३ मध्ये बसलं. बसायला तरी कुठे? कॅपिटॉलमधल्या एका खोलीत. स्वतःची इमारत मिळायला १९३५ उजाडलं. (आपलं सर्वोच्च न्यायालयही १९५० मध्ये संसद भवनातच सुरू झालं, पण आठ वर्षांत आपल्या घरी गेलं.)

मार्शलनी काय केलं? प्रत्येक न्यायाधीशाने आपापलं मत वाचण्याची प्रथा मोडून 'कोर्टाचं मत' असं एकच मत द्यायला लावलं. सगळे एकाच खानावळीवजा घरात राहायचे, एकत्र जेवायचे. माझ्या मते कुठल्याही कलमापेक्षा त्या जेवणाच्या टेबलाने कोर्ट घडवलं.

आणि मार्बरी विरुद्ध मॅडिसन, २४ फेब्रुवारी १८०३. ॲडम्सनी जाता जाता छोट्या न्यायाधीशपदावर नेमलेल्या मार्बरींचं नेमणूकपत्र पोचतं करायचं राहून गेलं होतं, ते जेफरसनचे परराष्ट्रमंत्री मॅडिसन देईनात, आणि ते राहिलं होतं खुद्द मार्शल परराष्ट्रमंत्री असताना. स्वतःच्या खात्याच्या निष्काळजीपणातून उभ्या राहिलेल्या खटल्याचा निकाल त्यांनी स्वतःच लिहिला. आज कोणी असं केलं तर आपण बोंबाबोंब करू, आणि करायलाच हवी. निकाल मात्र विलक्षण धूर्त. मार्बरींचा हक्क मान्य, पण ज्या कायद्याखाली ते आमच्याकडे आले ते कलमच घटनाबाह्य, सबब आम्ही काही करू शकत नाही. मार्बरींना नोकरी मिळाली नाही, जेफरसनना मोडायला हुकूम उरला नाही, आणि काँग्रेसचा कायदा रद्द करण्याचा अधिकार कोर्टाने हळूच पदरात पाडून घेतला.

पाय ओव्हनमधून काढल्यावर निदान तीन तास गार होऊ द्या. घरातले कितीही मागे लागले तरी. नाहीतर आतला रस ताटभर पसरतो.

दूरदृष्टीचे गोडवे गाणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की मार्बरीच्या निकालापाशी थांबू नका. काँग्रेसचा कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा हा अधिकार कोर्टाने पुन्हा थेट १८५७ मध्ये वापरला, ड्रेड स्कॉटच्या खटल्यात. काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असं सांगणारा निकाल तो हाच.