पोटातलं पाणी काढलं की बाळ कोरडं पडतं?

गरोदर बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे: 'सुईने पोटातलं पाणी तपासायला सांगितलं तर नाही म्हणा. पाणी गेलं की बाळ कोरडं पडतं, सुई बाळाला टोचते, सोनोग्राफीत सगळं दिसतंच, आणि ही तपासणी कायद्याने बंद आहे.' ही तपासणी म्हणजे ॲम्निओसेंटेसिस: सुईने बाळाभोवतीचं थोडं पाणी, म्हणजे गर्भजल, काढून तपासतात. आधीच घाबरलेल्या बाईला असं सांगणं मला क्रूर वाटतं.

आधी पाण्याचं बघू. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीतून बनतं. बाळ ते गिळतं, पुन्हा लघवी करतं, असं ते सतत नवं होत राहतं. सोळाव्या आठवड्यात ते साधारण २०० मिली असतं. त्यातलं १५ ते २० मिली तपासायला घेतात आणि ते लवकरच भरून निघतं.

सुई सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ बघत बघतच घालतात. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. अनुभवी हातांत या तपासणीमुळे गर्भपात होण्याचं प्रमाण हजारात एक ते तीन धरतात. म्हणूनच ती सरसकट कुणालाही सांगत नाहीत. पण आईवडील दोघंही थॅलेसेमिया मायनर असतील, म्हणजे या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याचा गंभीर प्रकार, होण्याची शक्यता चारात एक असते. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

सोनोग्राफीत अवयव दिसतात, गुणसूत्रं, म्हणजे पेशींतले आनुवंशिक गुण वाहणारे धागे, दिसत नाहीत. एक गुणसूत्र जास्त असल्याने होणारा डाउन सिंड्रोम असूनही सोनोग्राफी नॉर्मल येऊ शकते. गर्भजलात बाळाच्या पेशी असतात. आईच्या पेशी मिसळू नयेत म्हणून सुरुवातीचे एक-दोन मिली टाकून देतात. पेशी वाढवून गुणसूत्रं तपासायला दोन-तीन आठवडे लागतात, ठरावीक गुणसूत्रांचा रिपोर्ट मात्र काही दिवसांत येतो.

राहिला कायदा. १९८०च्या दशकात मुंबईत याच तपासणीचा वापर मुलगी ओळखून गर्भ पाडण्यासाठी झाला. महिला संघटना त्याविरुद्ध लढल्या आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने त्याविरुद्धचा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा. मनातली भीती तिथून आली असेल, तर ती मी समजू शकते. पण बंदी आहे ती लिंग तपासण्यावर आणि सांगण्यावर. गुणसूत्रांतले दोष, थॅलेसेमियासारखे आजार यांसाठी नोंदणीकृत केंद्रात ही तपासणी कायदेशीर आहे. त्याआधी धोके समजावून सांगणं, तुम्हाला कळेल अशा भाषेत लेखी संमती घेणं आणि तिची प्रत तुम्हाला देणं हे कायद्यानेच बंधनकारक आहे. सही करण्याआधी ते पान नीट वाचा, आणि प्रत मागून घ्या.