चाळीस पोरांत बसवलं की मूल मिसळलं?

‘घरी शिकणारी मुलं माणूसघाणी होतात’ असं ठणकावणारी एक लांबलचक पोस्ट नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतेय. इंदिरानगर, गंगापूर रोड, सिडको असं सगळीकडे हिंडून परवा ती माझ्या भाचीच्या सासूबाईंनी घरच्या ग्रुपवर टाकली, खाली हात जोडलेले तीन इमोजी. भाचीचं पोर साडेचार वर्षांचं, त्याला यंदा शाळेत घातलेलं नाही. म्हणजे टोला कुणाला, हे उघड आहे.

पोस्टचं म्हणणं असं: मिसळायला शिकायचं तर चाळीस मुलांचा वर्गच हवा. चार टपल्या खाल्ल्याशिवाय मूल घट्ट होत नाही. घरी शिकवणं गुन्हा आहे. दहावीला बसता येत नाही. आणि हे सगळं म्हणे ‘संशोधनाने सिद्ध’ झालंय. कुठल्या, ते अर्थातच लिहिलेलं नाही.

मग एक संशोधन मी सांगतो. लॅरी शायर्स यांनी १९९२ साली फ्लोरिडा विद्यापीठात पीएचडीसाठी ८ ते १० वर्षांची १४० मुलं घेतली, ७० घरी शिकणारी आणि ७० शाळेत जाणारी. मुलं गटात खेळताना त्यांचं चित्रण केलं आणि कोणतं मूल कुठलं हे ठाऊक नसलेल्या निरीक्षकांकडून ते तपासून घेतलं. आरडाओरडा, ढकलाढकली, त्रास देणं असलं वागणं घरी शिकणाऱ्यांत ठळकपणे कमी निघालं. आपलं म्हणणं ठामपणे मांडण्यात दोघांत फरक नव्हता. नमुना लहान, आईबापही आपणहून पुढे आलेले, त्यामुळे ‘शाळा मुलं बिघडवते’ असं यातून काढू नका. पण ‘माणूसघाणी होतातच’ हे मात्र यापुढे टिकत नाही.

चाळीसचा हिशेब तर कुणीही करावा. ३५ मिनिटांचा तास आणि चाळीस मुलं, म्हणजे एकेकाच्या वाट्याला एक मिनिटही नाही. बाकी वेळ ‘हाताची घडी, तोंडावर बोट’. मिसळणं जे काय होतं ते मधल्या सुट्टीत, डबा संपवून उरलेल्या वेळात.

आता टपल्या. सगळ्या पोस्टमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, आणि लोक नेमकं त्यालाच ‘अगदी खरं’ म्हणतायत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं बंद केलं. हे पोस्टवाले मात्र टपलीला पौष्टिक ठरवून मोकळे. भांडण आणि छळ यांत एक साधा फरक आहे: भांडणातून उठून जाता येतं. लगोरीचा डाव बघा. सात चपट्या ठिकऱ्या, एक रबरी चेंडू, दोन्हीकडे तीन-तीन पोरं. एकाच्या पाठीत चेंडू बसतो, तो म्हणतो लागलाच नाही. ‘रडीचा डाव, रडीचा डाव!’ तो चिडून ‘मी नाही खेळत जा’ म्हणतो आणि कट्ट्यावर जाऊन बसतो. आता एक बाजू लंगडी, डाव पुढे सरकत नाही. दोन मिनिटांत कुणीतरी येतंच: ‘चल, परत घेऊ.’ त्याला कळतं की रुसून फार वेळ बसता येत नाही, बाकीच्यांना कळतं की गडी तोडला तर खेळ मोडतो. वर्गात बाक ठरलेला, हजेरी क्रमांक ठरलेला आणि टपली मारणारा मागच्याच बाकावर. तिथून उठून जाणार कुठे? तिथे मूल घट्ट होत नाही, गप्प होतं.

त्याच डावात कुणाची तरी चार वर्षांची बहीण ‘कच्चं लिंबू’ असते. तिला चेंडू लागला तरी ती बाद नाही, आणि नऊ वर्षांचा दांडगा पोरगा तिच्याकडे टाकताना आपोआप हात हलका करतो. एकाच वयाच्या वर्गात कच्चं लिंबू कोण असणार?

नाइलाजाने एक कबूल करतो. घरी शिकणारी काही मुलं खरंच एकटी पडतात. सोमवारी स्केटिंग, मंगळवारी अबॅकस, बुधवारी चित्रकला, म्हणजे झालं मिसळणं, असं समजणाऱ्या घरांत हमखास. क्लासमध्ये रांग असते, सोबती नसतो. शिवाय मुलाला ऐकू कमी येतंय किंवा अंगावर वळ आहेत, हे घराबाहेरच्या कुणाच्या तरी नजरेत यावं लागतं. शाळेत ती शक्यता असते, घरी ती सोय मुद्दाम करावी लागते.

म्हणून खेळायचा गट जमवायचा तर पाच-सहा मुलं, वयं ४ ते ९. तिघं नकोत, दोघं एक होऊन तिसऱ्याला पाडतात. वार तोच, जागा तीच, मुलं तीच, आठवड्यातून दोनदा, किमान दोन तास. पहिली वीस मिनिटं आईला चिकटण्यात आणि नुसतं बघण्यात जातात, त्यामुळे तासाभराचा गट रंगात येतो तेव्हाच मोडतो. मातीत खेळताना पाच मुलांत फावडी दोनच ठेवा. पाच दिलीत तर पाच जण पाच कोपऱ्यांत बसतील. मोठ्यांनी पंधरा पावलं लांब बसायचं आणि रक्त, दगड किंवा एकाच मुलाला सलग तिसऱ्यांदा वगळणं एवढ्यालाच उठायचं. असे गट मोडतात ते बहुतेक दोन कारणांनी. कुणीतरी हौशी पालक त्याचा क्राफ्टचा तास करून टाकतो, किंवा पावसात दोन-तीन वेळा रद्द होतो आणि मग कुणी येतच नाही. जूनआधीच छप्पर असलेली जागा ठरवून ठेवा.

मूल बुजरं असेल तर ‘मी खेळू का?’ विचारायला पाठवू नका, उत्तर बहुधा ‘नाही’च येतं. जवळ उभं राहायचं, डाव समजून घ्यायचा, लांब गेलेला चेंडू आणून द्यायचा. पुढच्या डावात ते आत असतं.

कायद्याचं आता थोडक्यात. २००९ च्या त्याच शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य ठरवतं, इतपत पोस्ट बरोबर. पण तो कायदा ६ ते १४ वयाचा, साडेचार वर्षांच्या पोराला लागतच नाही. आणि कर्तव्य चुकलेल्या पालकाला त्यात शिक्षाही नाही. दंड आहे तो विनामान्यता शाळा चालवणाऱ्याला, १ लाखापर्यंत. म्हणून गटाला पाटी लावून, फी घेऊन, बाई नेमू नका.

दहावीला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (NIOS) आहे, १४ वर्षं पूर्ण लागतात, ५ वर्षांत ९ संधी मिळतात. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायच्या १७ नंबरच्या फॉर्मच्या नादी लागू नका. तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागतात, आणि शाळेतच न गेलेल्याने तो आणायचा कुठून? तोवर जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, तेवढं आत्ताच बघून घ्या.