अडीच गिगाबिटसाठी भिंती फोडू नका

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘२.५ गिगाबिटचा स्विच घेतलात तर जुनी कॅट-५ई केबल काढावीच लागेल, ती १ गिगाबिटच्या पुढे जात नाही. थेट कॅट-८ टाका. आणि स्विच १० गिगाबिटचाच घ्या, तो खालचे सगळे स्पीड चालवतो.’ (स्विच म्हणजे घरातली यंत्रं केबलने एकमेकांना जोडणारा डबा, कॅट-५ई, कॅट-८ ही नेटवर्क केबलच्या प्रकारांची नावं, आणि गिगाबिट इथे दर सेकंदाचे.)

केबल काढण्याचा सल्ला तर अगदीच उलटा. २.५ आणि ५ गिगाबिटचं मानक, आयट्रिपलई या संस्थेचं ८०२.३बीझेड, २०१६ मध्ये आलं तेच मुळी जुन्या केबलसाठी. वाय-फायचा सिग्नल देणाऱ्या डब्यांना, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंटांना, १ गिगाबिट पुरेनासं झालं होतं आणि ऑफिसांच्या छतांत कॅट-५ई आधीच पडलेली होती. ती उपसायला कोण तयार होणार? म्हणून १० गिगाबिटचंच सिग्नलिंग उचललं आणि त्याचा वेग पाव केला. १० गिगाबिटला केबलमधून सुमारे ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा सिग्नल जावा लागतो, २.५ ला १००. कॅट-५ई नेमकी १०० मेगाहर्ट्झपर्यंतचीच. मानकात तिच्यावर २.५ गिगाबिटसाठी १०० मीटर धरलेत. फ्लॅटमध्ये हॉल ते बेडरूम वीस मीटर झाले तरी खूप.

तरी लिंक, म्हणजे दोन यंत्रांमधली जोडणी, १०० मेगाबिटवरच अडकली, तर आधी सॉकेट उघडून बघा. १ गिगाबिट आणि त्यापुढे तारांच्या चारही जोड्या लागतात. वायरमनने त्यातल्या दोन फोनला दिल्या असतील, तर कॅट-८ आणूनही तेच होईल.

कॅट-८ बद्दल फार बोलण्यासारखं नाही. ती डेटा सेंटरमधल्या २५ आणि ४० गिगाबिटसाठी आहे, तीही ३० मीटरपर्यंतच. २.५ च्या पोर्टला ती जास्त वेग देत नाही, फक्त भिंतीतल्या पाइपात ओढताना वायरमनचा घाम काढते.

खरा खड्डा आहे तो ‘खालचे सगळे स्पीड’ या शब्दांत. तांब्याच्या केबलवरचं १० गिगाबिट २००६ चं, म्हणजे २.५ पेक्षा दहा वर्षांनी थोरलं. त्या काळातल्या यंत्रांना २.५ आणि ५ हे मधले वेग ठाऊकच नाहीत. इंटेलचं एक्स५४० कार्ड घ्या: १० गिगाबिट, १ गिगाबिट आणि १०० मेगाबिट, बस्स. जुन्या १० गिगाबिट स्विचांचंही बहुधा तेच. अशा पोर्टला २.५ चा पीसी जोडला की दोन्ही टोकं दोघांना जमणारा सर्वांत मोठा वेग निवडतात, आणि तो निघतो १ गिगाबिट. मग दोष जातो बिचाऱ्या केबलवर. वास्तविक ही बोलणी होताना केबलला कोणी विचारतच नाही. पोर्ट फक्त आपापली कुवत सांगतात. केबल खराब असेल तर ते नंतर कळतं, एरर वाढतात किंवा लिंक पडते. त्यामुळे स्विच घेताना डेटाशीटवर (तांत्रिक माहितीपत्रकावर) २.५ आणि ५ हे आकडे स्वतंत्र लिहिलेत का ते पाहा. एसएफपी+ पोर्ट, म्हणजे ज्यात वेगळं मॉड्यूल खोचावं लागतं तो, असेल तर दुप्पट सावध राहा, त्यातले बरेच १ आणि १० एवढंच जाणतात.

मेसेजवाल्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य. खरोखर १० गिगाबिट हवं आणि अंतर १०० मीटरच्या आसपास असेल, तर कॅट-६ए लागते. कॅट-६ वर ते फार तर ५५ मीटर धरतात.