सातव्या दालनातला उजेड

एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाची 'द मास्क ऑफ द रेड डेथ' ही कथा मी पहिल्यांदा वाचली ती कॉलेजात. 'रेड डेथ' नावाच्या साथीपासून लपून बसलेला एक प्रिन्स सात रंगीत दालनांत मुखवट्यांची मेजवानी देतो, अशी ती गोष्ट. गाइडमध्ये उत्तर तयार होतं: सात दालनं म्हणजे माणसाच्या आयुष्याचे सात टप्पे, पूर्वेचं निळं म्हणजे जन्म, पश्चिमेचं काळं म्हणजे मृत्यू. तेच लिहिलं, मार्क मिळाले. परवा कथा पुन्हा वाचली आणि ते उत्तर फार तोकडं वाटलं. निळं, जांभळं, हिरवं, नारिंगी, पांढरं, व्हायलेट, काळं. यात पांढरं पाचवं का? टप्प्यांच्या हिशेबात ते ओढूनताणूनच बसवावं लागतं.

माझं म्हणणं असं की या कथेत रंगापेक्षा उजेड कुठून येतो ते बघायला हवं.

एकाही दालनात दिवा नाही, मेणबत्ती नाही. बाहेरच्या बोळात प्रत्येक खिडकीसमोर तिवईवर शेगडी धगधगते आणि तिचा उजेड रंगीत काचेतून आत पडतो. सहा दालनांत काच आणि पडदे एकाच रंगाचे. सातव्यात मात्र पडदे काळे मखमली आणि काच रक्तासारखी लाल. तिथे गेलेल्यांचे चेहरे इतके भेसूर दिसतात की आत पाऊल टाकायची फारशी कुणाची छाती होत नाही.

आता कथेची सुरुवात आठवा. या साथीची खूण काय? अंगावर, विशेषतः चेहऱ्यावर, लाल डाग. प्रिन्स प्रॉस्पेरो हजार मित्रांना घेऊन मठात शिरतो, दाराच्या कड्या आतून वितळवून पक्क्या करतो. आणि जिच्यापासून पळाला तिचाच रंग स्वतःच्या हौसेने खिडकीत बसवतो! दालनांची सजावट बहुतेक त्याच्याच आवडीने झालेली, हे पो मुद्दाम सांगतो. साथ आत यायच्या कितीतरी आधी तिची खूण चेहऱ्यांवर उमटायची सोय त्यानेच करून ठेवली होती.

लाल उजेड चेहऱ्याचं काय करतो ते मी लहानपणी पाहिलंय. माझ्या काकांचा फोटो स्टुडिओ होता. डार्करूमच्या भिंती काळ्या, दाराला काळा पडदा, कोपऱ्यात एकच लाल बल्ब. काका ट्रेमधला कागद हलवत असायचे आणि मी त्यांच्याकडे बघायचे. ओठ चेहऱ्यात विरघळून गेलेले, डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे. रोजचे माझे काका, पण हाक मारायचा धीर होत नसे. म्हणून ते सातवं दालन मला प्रतीक वाटतच नाही. ती खोली मला माहीत आहे.

ही कथा मे १८४२ मध्ये छापून आली. त्याच वर्षी जानेवारीत पोच्या बायकोला, व्हर्जिनियाला, गाता गाता तोंडातून रक्त आलं होतं. क्षय. त्यानंतर पाच वर्षं ती आजारीच राहिली आणि गेली. चार महिन्यांपूर्वी घरात जे पाहिलं त्याचा त्या लाल काचेशी काही संबंध नसेल, हे मला पटत नाही.

आणि शेवट बघा. मेजवानीत साथीचाच वेश करून एक बुरखेधारी शिरतो आणि त्याच्या मागे धावलेला प्रिन्स मरून पडतो. मग पाहुणे त्या बुरखेधाऱ्याला धरायला धावतात, ते त्याच काळ्या दालनात. इतका वेळ जे टाळत होते, ते सगळे त्या लाल उजेडात. त्यांचे चेहरे कसे दिसत होते, हे पो तिथे लिहीत नाही. ते त्याने आधीच सांगून ठेवलंय.