माझं जुनं इंजिन कुठे आहे?

"बसतंय की साहेब, त्यात काय!" हे वाक्य पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकलं तर डोकं फिरेल माझं. चौदा महिने झाले, माझी प्रीमियर पद्मिनी गाडी हे म्हणणाऱ्या मेकॅनिकच्या गॅरेजात पडून आहे.

१९७५ ची गाडी. बाबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. मूळचं १०८९ सीसीचं इंजिन तेल प्यायला लागलं होतं, खंबाटकी चढताना दोनदा उकळलं. म्हणून मारुती जिप्सीचं १३०० सीसीचं एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल प्रेशरने इंजेक्ट करणारं इंजिन आणि त्याचाच पाच गिअरचा बॉक्स टाकायचं ठरवलं. निवड चुकली नव्हती, आजही सांगतो. ते इंजिन गाडीच्या लांबीत बसतं आणि जिप्सीचा गिअरबॉक्स ट्रान्सफर केसपासून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीपासून) सुटा असतो, त्यामुळे मागच्या चाकांकडे सरळ शाफ्ट, म्हणजे ताकद नेणारा फिरता दांडा, नेता येतो.

पण इंजिन टाकणं म्हणजे फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते पाय) वेल्ड करून चार बोल्ट आवळणं नव्हे हो! या मेकॅनिकने जुना शाफ्ट कापला, मधे पाइपचा तुकडा जोडला आणि बॅलन्सिंग न करताच चढवला. साठच्या पुढे गेलं की अख्खी गाडी थरथरायची, आरशात मागचं काही दिसेना. म्हणे टायर बॅलन्स करा. केले. मग म्हणे क्रॉस गेला, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा. तीन वेळा क्रॉस बदलले, तिन्ही वेळा पैसे मी दिले! शेवटी मीच गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्सचं शेपूट खाली झुकलेलं आणि मागच्या अॅक्सलच्या हाऊसिंगचा पिनियन (शाफ्ट ज्याला जोडतो तो गिअर) भलतीकडेच तोंड करून. दोन्हीकडचा कोन जुळला नाही, तर एका क्रॉसचा झटका दुसरा क्रॉस जिरवणार कसा? कोन मोजायचं साधं हत्यार त्या गॅरेजात नाही.

ब्रेकचं तर बोलायलाच नको. जुनं इंजिन ४० घोड्यांच्या आसपासचं, नवं ८० चं, आणि चारही चाकांना तेच जुने ड्रम. विचारलं तर उत्तर काय, "हळू चालवा." आणि पेट्रोलची लाइन! इंजेक्शनचं प्रेशर, आणि याने लावली साधी नळी, वर तारेने पिळलेली. मागच्या सीटवर माझी मुलगी बसते. पेट्रोलचा वास तिलाच आधी आला.

"कागदाचं नंतर बघू" हेही त्याचंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, इंजिन बदलायचं तर मंजुरी आधी लागते. शिवाय २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात हवी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. हे मला त्याने सांगितलं नाही, आणि मीही आधी वाचलं नाही.

शेवटी म्हटलं, जाऊ दे, जुनंच इंजिन परत चढव, मी त्याचं बोअरिंग (झिजलेले सिलिंडर कापून नीट करणं) करून घेतो.

तो शांतपणे म्हणाला, "ते तर भंगारात दिलं. गंजत पडलं होतं."

न विचारता! ज्याचा नंबर बाबांच्या नावाच्या आरसी बुकात आहे, ते इंजिन याने किलोवर विकलं! कुणाला दिलं तेही धड आठवत नाही म्हणतो. उद्या सकाळी आरसी बुक घेऊन भंगारवाल्यांच्या रांगेत जाणार आहे, आणि पद्मिनीचा दिसेल तो प्रत्येक इंजिन ब्लॉक पुसून नंबर बघणार आहे.