बेरोससपर्यंत थांबायची गरज काय?

बायबलमधल्या कथांच्या उगमावरचा हा लेख चांगला आहे, पण रसेल गमर्किन या अभ्यासकाला जरा जास्तच झुकतं माप मिळालंय. तोरा (बायबलचे पहिले पाच ग्रंथ) इ.स.पू. २७३-२७२च्या सुमारास अलेक्झांड्रियात रचली गेली आणि तिच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथातल्या बाबिलोनी कथा बेरोसस या बाबिलोनी पुजाऱ्याच्या ग्रीक ग्रंथातून आल्या, हे त्याचं म्हणणं चटपटीत खरं. पण मग कनानातल्या (आजच्या इस्रायलमधल्या) मगिद्दोचं काय करायचं? तिथे गिलगामेश या मेसोपोटेमियन महाकाव्याच्या मातीच्या पाटीचा तुकडा सापडलाय, इ.स.पू. १४व्या शतकाच्या आसपासचा. म्हणजे गिलगामेश कनानात हजारेक वर्षं आधीच पोचला होता. वर बाबिलोनचा बंदिवास (ज्यूंना बाबिलोनला नेलं तो काळ) आहेच.

प्रलयाच्या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचा. गिलगामेशच्या ११व्या पाटीत प्रलयातून वाचलेला उतनापिश्तिम आधी कबुतर सोडतो, मग पाकोळी, शेवटी कावळा. बायबलमधला नोहा आधी कावळा सोडतो, मग कबुतर. तिकडे बळीचा वास येताच देव माश्यांसारखे घोंगावत जमतात. इकडे परमेश्वर नुसता सुवास घेतो. याला उचलेगिरी म्हणणाऱ्यांनी ही माश्यांची ओळ पुन्हा वाचावी. ज्याने ती गाळली त्याला आपण काय करतोय हे पक्कं ठाऊक होतं!

ग्रीक धागा मात्र मी सरसकट उडवून लावणार नाही. उत्पत्तीच्या ६व्या अध्यायातले देवपुत्र, मानवकन्या आणि त्यांचे पराक्रमी वंशज वाचताना प्राचीन ग्रीक कवी हेसिओडच्या परंपरेतले वीर आठवतातच. पण साम्य म्हणजे उसनवारी नव्हे, आणि एजियन समुद्रापलीकडच्या कथा लेव्हांटमध्ये (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर) यायला सिकंदराची वाट बघावी लागत नव्हती.

जेरुसलेमजवळ केतेफ हिन्नोमला सापडलेल्या चांदीच्या गुंडाळ्यांवर तोरातल्या ‘गणना’ या ग्रंथातल्या आशीर्वादाच्या ओळी आहेत, साधारण इ.स.पू. ६००च्या. संपूर्ण तोरा तेव्हा होती असं त्यावरून ठरत नाही, पण लेखात त्यांचा उल्लेख तरी हवा होता.